तार तुटली तरी चालणारे काम

आपले यंत्र एकदाही डोळ्यांनी न पाहता वर्षानुवर्षे त्याच्यावर काम करणाऱ्या माणसांचा एक मोठा वर्ग आज आपल्या देशात आहे. इंदूरच्या घरात बसलेली एखादी मुलगी मुंबईच्या सर्व्हरवर हिशेब चालविते. हैदराबादचा अभियंता दिल्लीच्या विदा-केंद्रातील यंत्राची देखभाल करतो. शिलाँगचा संशोधक पुण्याच्या महासंगणकाला हवामानाचे गणित घालतो. यांच्यापैकी प्रत्येकाच्या समोर असतो तो एक साधा, बहुधा काळा पडदा, त्यावर उमटणाऱ्या अक्षरांच्या ओळी आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत लुकलुकणारी एक खूण. यालाच टर्मिनल म्हणतात. चित्रे नाहीत, रंगरंगोटी नाही. आज्ञा टंकावी, उत्तर वाचावे, पुन्हा आज्ञा टंकावी, असा हा संवाद चालतो. आणि शेकडो मैलांवरील यंत्राशी बोलावयाचे तर याहून सुटसुटीत मार्ग अद्याप सापडलेला नाही.

परंतु या संवादाला एक जुने दुखणे आहे. समजा, एका राज्याच्या विदा-केंद्रात जमिनीचे अभिलेख जुन्या कोठारातून नव्या कोठारात हलवावयाचे आहेत. दिवसा लोकांची कामे चालू असतात, म्हणून रात्री अकराचा मुहूर्त धरला जातो. अधिकारी आपल्या घरून सर्व्हरशी जोडणी करतो, आज्ञा देतो, आणि पडद्यावर एकामागून एक तालुक्यांची नावे सरकू लागतात. काम सहा तासांचे. पहाटे तीनला त्याच्या गल्लीतली वीज जाते, राउटर बंद पडतो आणि जोडणी तुटते. सर्व्हरच्या इमारतीत वीज आहे, यंत्र ठणठणीत आहे, कोठारांना काही झालेले नाही. तरीसुद्धा वीज परत आल्यावर तो पाहतो तो काय, काम मध्येच थांबलेले. काही तालुके नव्या कोठारात गेले, काही जुन्यातच राहिले, आणि एक तालुका अर्धा इकडे व अर्धा तिकडे आहे. सकाळी दहा वाजता खिडकीपाशी येणाऱ्या शेतकऱ्याला आपला उतारा का मिळत नाही, याचे उत्तर त्या गल्लीतल्या विजेच्या तारेत आहे, हे कोणी सांगितले तरी त्याला पटणार नाही. आणि पटू नयेच. चांगल्या विदा-कोठाराची अशी सोय असते की एक व्यवहार एक तर पुरता होतो नाही तर मुळीच होत नाही, ही गोष्ट खरी. पण अशा स्थलांतरात एक व्यवहार नसतो; शेकडो व्यवहार, फाइलींच्या नकला, तपासण्या यांची ती एक लांबलचक माळ असते, आणि माळेचा दोरा मध्येच तुटला तर मणी कोठवर ओवले होते हे शोधीत बसावे लागते.

घरची वीज गेल्यावर दूरचे काम का मरावे? या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही, इतिहासात आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ सालच्या नोव्हेंबरात फर्नांदो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेक माणसांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत प्रत्यक्ष करून दाखविली. संगणक एकच; तो प्रत्येकाला क्षणभर वेळ देई, आणि तो इतक्या त्वरेने एकाकडून दुसऱ्याकडे वळे की प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपल्याच दिमतीला आहे. त्या काळी माणसापुढे पडदा नसे, टेलिप्रिंटर असे. तारघरात खडखड वाजणारे, कागदाच्या गुंडाळीवर अक्षरे उमटविणारे तेच यंत्र संगणकाला जोडून त्याचे तोंड व कान बनविले गेले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली, तेव्हाही तिच्याशी बोलण्याचे साधन टेलिप्रिंटर हेच होते. म्हणूनच युनिक्स व तिच्या वंशातील लिनक्स यांच्या पोटात टर्मिनलचे संक्षिप्त नाव आजही 'टीटीवाय' असे आहे. 'टेलिटाइप' या शब्दाचेच ते आखूड रूप होय. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारघराच्या यंत्राचे नाव जगातल्या लक्षावधी सर्व्हरांवर रोज घेतले जात आहे.

दूरचा टेलिप्रिंटर टेलिफोनच्या तारेने संगणकाशी जोडलेला असे. काम संपले की माणूस फोन खाली ठेवी. फोन खाली ठेवला गेला हे संगणकाला कळले, की कार्यप्रणालीचा गाभा त्या माणसाने सुरू केलेल्या प्रक्रियांना एक संकेत धाडी, आणि तो संकेत मिळताच त्या मुकाट्याने संपत. या संकेताचे नाव 'हँगअप', म्हणजे फोन ठेवणे. संकेतांच्या यादीत त्याचा क्रमांक १ आहे. त्या परिस्थितीत हा नियम शहाणपणाचा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. संगणकाचा वेळ महाग होता. माणूस निघून गेल्यावर त्याचे काम मागे चालू राहिले तर त्याचा भुर्दंड पडे. दुसरे असे की, एकाने फोन ठेवला व त्याच तारेवर लगेच दुसऱ्याचा फोन लागला, तर पहिल्याची उघडी राहिलेली जागा दुसऱ्याच्या हाती आयती पडण्याचा धोका होता. तेव्हा माणूस गेला की त्याचे सारे आवरून टाकावे, हा नियम एखाद्या शिस्तप्रिय कार्यालयातल्या शिपायाने संध्याकाळी दिवे मालवावे तसाच होता. अडचण इतकीच की, फोन मुद्दाम ठेवला की तार आपोआप तुटली, हे त्या शिपायाला ओळखता येत नसे. आणि ते आजही येत नाही. आता टेलिफोन नाही, टेलिप्रिंटर नाही, पण जोडणी तुटली की गाभ्याकडून तोच क्रमांक एकचा संकेत निघतो व पहाटे तीनचे काम त्याला बळी पडते.

या दुखण्यावरचा पहिला उपाय युनिक्सच्या बालपणातच निघाला. 'नोहप' नावाची एक छोटी आज्ञा आहे. आपल्या मूळ आज्ञेच्या आधी हा शब्द लिहिला, की ती प्रक्रिया फोन ठेवल्याच्या संकेताकडे कानाडोळा करते, आणि तिचे जे काही बोलणे पडद्यावर उमटावयाचे ते एका फाइलीत साठत जाते. उपाय उत्तम, पण एकमार्गी. काम जगते, परंतु ते मुके होते. मध्येच त्याने एखादा प्रश्न विचारला, 'ही फाइल आधीच आहे, तीवर लिहू का?' असे म्हटले, तर उत्तर द्यावयाला कोणी नाही. परत येणाऱ्या माणसाला फार तर साठलेले लिखाण वाचता येते. आपल्या जुन्या जागेवर बसता येत नाही.

जुन्या जागेवर परत बसण्याची सोय झाली ती १९८७ साली. पश्चिम बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान यांनी कार्स्टेन बोरमान यांच्या सहकार्याने 'स्क्रीन' नावाचा एक कार्यक्रम लिहिला व तो सर्वांसाठी खुला केला. पुढे तो ग्नू प्रकल्पाच्या छत्राखाली आला. तोवर टेलिप्रिंटर जाऊन त्याच्या जागी काचेचा पडदा आला होता. १९७८ साली निघालेला 'व्हीटी-१००' हा त्यांतला नामांकित. पण एका पडद्यावर एकच काम चाले. 'स्क्रीन'ने एका पडद्यात अनेक पडदे सामावून घेतले व कळ दाबताच एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय केली. अशा कार्यक्रमांना टर्मिनल मल्टिप्लेक्सर म्हणतात. हल्ली मल्टिप्लेक्स म्हटले की मराठी माणसाला एका इमारतीतली चारसहा चित्रपटगृहे व महागड्या लाह्या आठवतात. पण हा शब्द मूळचा तारायंत्राच्याच घरचा. १८७४ साली एडिसनने एका तारेवरून चार संदेश एकदम पाठविण्याची युक्ती काढली, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमील बोदोने एकाच तारेचा वेळ अनेक संदेशांत वाटून देण्याची पद्धत बसविली. एका वाटेने अनेकांना नेणे, हाच त्याचा अर्थ.

एका पडद्यात अनेक पडदे हा 'स्क्रीन'चा दर्शनी गुण. खरे मोल त्याच्या दुसऱ्या गुणात होते, आणि आज त्याचा वापर मुख्यतः त्या दुसऱ्या गुणासाठीच होतो. काम चालू असताना माणसाने त्यातून अलग व्हावे, घरी जावे, आणि दुसऱ्या यंत्रावरून, दुसऱ्या गावाहून पुन्हा तेथेच जोडून घ्यावे. पडदा जसा सोडला तसा समोर यावा. इंग्रजीत याला 'सेशन' म्हणतात. मराठीत 'बैठक' म्हणावयाला हरकत नसावी. गाण्याच्या बैठकीत गवई घटकाभर उठून गेला तरी मागे तंबोरा झंकारत राहतो, आणि तो परत येऊन बसला की सूर जेथे होता तेथेच असतो, तसा हा प्रकार आहे.

हे साधते कसे, ते पाहण्याजोगे आहे. सामान्य जोडणीत माणसाची प्रक्रिया थेट त्या दूरच्या टर्मिनलला बांधलेली असते. टर्मिनल गेले की ती गेली. मल्टिप्लेक्सर मध्ये एक मध्यस्थ आणून बसवितो. तो सर्व्हरवरच राहतो, कोणाही एका जोडणीशी त्याची गाठ बांधलेली नसते. प्रक्रियेला तो एक कृत्रिम टर्मिनल देतो. प्रक्रियेच्या दृष्टीने ते टर्मिनल अस्सल असते. त्यावर ती लिहिते, त्यातून वाचते. तिने काय लिहिले, पडद्यावर कोणते अक्षर कोठे आहे, खूण कोठे लुकलुकते आहे, याची सारी नोंद मध्यस्थ आपल्यापाशी ठेवतो. माणूस जोडला गेला की ती नोंद तो त्याच्या पडद्यावर उतरवितो. माणूस गेला की नुसती ठेवून देतो. तार तुटते तेव्हा फोन ठेवल्याचा संकेत निघतो खरा, पण तो जातो माणूस व मध्यस्थ यांच्यामधल्या दुव्याकडे. दुवा मरतो, मध्यस्थ जिवंत राहतो, आणि त्याच्या पदराखालचे काम तर त्या बातमीपासून पूर्ण अनभिज्ञ असते. अभिलेखांच्या स्थलांतराचे काम अशा बैठकीत सुरू केले असते, तर पहाटे तीनला तालुक्यांची नावे अंधारात तशीच सरकत राहिली असती.

'स्क्रीन'नंतर वीस वर्षांनी, २००७ साली, निकोलस मॅरियट यांनी 'टीमक्स' हा नवा मल्टिप्लेक्सर लिहावयास घेतला. २००९ साली ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने त्याला आपल्या मूळ संचात स्थान दिले, आणि आज तो स्क्रीनपेक्षा अधिक प्रचारात आहे. त्याच्या जन्माची एक खूण त्याच्या अंगावर राहून गेली आहे. मल्टिप्लेक्सरशी बोलावयाचे तर आधी एक इशाऱ्याची कळ दाबावी लागते, म्हणजे पुढची कळ कामासाठी नसून मध्यस्थासाठी आहे हे त्याला कळते. स्क्रीनमध्ये ही कळ 'कंट्रोल-ए' आहे. टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीनच्याच बैठकीत बसून लिहिला जात होता. दोघांची एकच कळ असती तर घोटाळा झाला असता, म्हणून नव्याला 'कंट्रोल-बी' दिली गेली. नातवाने आजोबांच्या घरात राहून आपले घर बांधावे, असा हा प्रकार.

टीमक्सची रीत थोडक्यात सांगता येते. बैठक उघडताना तिला नाव द्यावे. हे नाव देणे ऐच्छिक आहे व म्हणूनच बहुतेक लोक देत नाहीत. मग यादीत शून्य, एक, दोन असे आकडे दिसतात, आणि कोणत्या आकड्याखाली काय चालले आहे हे दोन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही. बैठकीत अनेक खिडक्या उघडता येतात, व एका खिडकीचे उभे-आडवे भाग पाडता येतात: एका भागात काम, दुसऱ्यात त्याची नोंदवही, तिसऱ्यात यंत्राची नाडी. उठावयाचे झाले की कंट्रोल-बी दाबून सोडावे व 'डी' दाबावे. परत यावयाचे तर जोडून घेण्याची आज्ञा देऊन बैठकीचे नाव सांगावे. वर सरकून गेलेल्या ओळी टीमक्स काही मर्यादेपर्यंत राखून ठेवतो. वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक भागासाठी ही मर्यादा २००० ओळींची असते. सहा तासांच्या बडबड्या कामाला ती मुळीच पुरत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामाचे बोलणे फाइलीतही उतरवून घ्यावे. मध्यस्थाच्या स्मरणशक्तीवर सारी भिस्त ठेवू नये.

एकाच बैठकीला दोन माणसे एकदम जोडली जाऊ शकतात. नागपूरच्या नवशिक्याने टंकावे आणि बंगळूरच्या अनुभवी सहकाऱ्याने तेच अक्षर आपल्या पडद्यावर पाहावे, चूक होताना दिसली तर हात धरावा, म्हणजे आपणच पुढची कळ दाबावी. शिकविण्याचा याहून स्वस्त वर्ग दुसरा नाही. मोठ्या बिघाडाच्या वेळी एक जण काम करतो व दुसरा नुसता पाहत राहतो. नुसते पाहणाऱ्याची किंमत अशा वेळी कळते.

आता तारेकडे वळले पाहिजे, कारण मध्यस्थ कितीही भक्कम असला तरी तारेचे दोष त्याने नाहीसे होत नाहीत. आज सर्व्हरशी जोडणी होते ती 'एसएसएच' या सुरक्षित मार्गाने. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तांत्रिक विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी परवलीचे शब्द चोरून ऐकण्याचा उद्योग केला, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी सारा संवाद कूटभाषेत चालविणारा हा मार्ग तयार केला. या मार्गाखालची जोडणी चार गोष्टींनी ओळखली जाते: दोन्ही बाजूंचे पत्ते आणि दोन्ही बाजूंचे दरवाजे. यांतली एक बदलली तरी जोडणी ओळखू येत नाही. आगगाडीत बसलेल्या माणसाचा फोन एका जाळ्यातून दुसऱ्यात गेला, घरच्या वायफायवरून मोबाइलवर आला, की त्याचा पत्ता बदलतो व जुनी जोडणी निकामी होते. गमतीची गोष्ट अशी की, ती निकामी झाली हे पलीकडच्या यंत्राला पुष्कळदा कळतच नाही. कोणी काही बोलले नाही तर लिनक्सचा गाभा आपण होऊन चौकशी करतो ती दोन तासांनंतर, आणि तीही तसे सांगून ठेवले असेल तरच. मधल्या वाटेवरचे राउटर मात्र इतका धीर धरीत नाहीत. बराच वेळ शांत असलेली जोडणी ते आपल्या वहीतून खोडून टाकतात. चहाला जाऊन आलेल्या माणसाला गोठलेला पडदा दिसतो तो यामुळे. ठरावीक सेकंदांनी 'आहे ना?' 'आहे' एवढीच निरर्थक देवाणघेवाण करीत राहण्याची सूचना एसएसएचला देता येते, आणि ती दिलेली बरी.

याहून पुढची मजल २०१२ साली कीथ विन्स्टाइन व हरी बालकृष्णन यांनी, पुन्हा मॅसॅच्युसेट्सच्याच त्या संस्थेत, 'मोश' या कार्यक्रमाने गाठली. मोश प्रवेशापुरता एसएसएच वापरतो व नंतर आपली वेगळी वाट धरतो. या वाटेवर पत्त्याला महत्त्व नाही. किल्ली जुळणारे ताजे पाकीट ज्या पत्त्यावरून आले तेथे सर्व्हर उत्तर धाडतो. लॅपटॉप नाशिकला मिटावा आणि भुसावळला उघडावा, जोडणी तशीच असते. शिवाय दूरच्या यंत्राकडून अक्षराची पोच येईपर्यंत न थांबता मोश ते अंदाजाने लगेच पडद्यावर दाखवितो. मार्ग फारच मंद असेल तर अशा अक्षराखाली रेघ ओढतो व पोच आली की ती पुसतो. पण मोश मध्यस्थ नव्हे. तो फक्त दिसणारा पडदा सांभाळतो, सरकून गेलेल्या ओळी नाही. आणि माणसाच्या बाजूचे यंत्र बंद पडले तर दुसऱ्या यंत्रावरून तीच जोडणी त्याला धरता येत नाही. म्हणून अनुभवी लोक दोन्ही वापरतात: तारेसाठी मोश आणि बैठकीसाठी टीमक्स. अनेक कार्यालयांच्या तटबंदीत मोशची वाट बंदच असते, ही गोष्ट निराळी.

सावधगिरीचा एक चांगला नमुना उबुंटू या लिनक्सच्या रचनाकारांनी घालून दिला आहे. सबंध कार्यप्रणाली एका आवृत्तीवरून दुसरीवर नेण्याचे काम कोणी दूरून, एसएसएचवरून सुरू केले, तर तो कार्यक्रम स्वतःच स्क्रीनच्या बैठकीत जाऊन बसतो, आणि पहिले दार बंद पडलेच तर आत येता यावे म्हणून क्रमांक १०२२ वर दुसरे दार उघडण्याची तजवीज करतो. घराची जोती बदलताना माणूस घराबाहेर अडकू नये, याची ही काळजी.

माणूस निघून गेल्यावर त्याचे काम मागे राहू द्यावे की नाही, हा जुना प्रश्न २०१६ साली पुन्हा पेटला. पुष्कळशा लिनक्स यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या सिस्टिमडी या व्यवस्थेच्या २३० क्रमांकाच्या आवृत्तीत असा पायंडा घातला गेला की, माणसाने निरोप घेतला की त्याच्या साऱ्या प्रक्रिया संपवाव्यात. फोन ठेवल्याच्या संकेताकडे कानाडोळा करणाऱ्यासुद्धा. एका रात्रीत नोहप, स्क्रीन व टीमक्स यांच्या पायाखालची जमीन गेली. दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते. निघून गेलेल्या माणसांची अर्धमेली कामे यंत्र अडवून बसतात व ती कोणी झाडीत नाही, हे व्यवस्थेच्या बाजूचे म्हणणे खोटे नव्हते. पण चाळीस वर्षे लोक ज्या आश्वासनावर विसंबून आहेत ते न विचारता मागे घेऊ नये, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक वजनदार होते, आणि डेबियनसारख्या वितरणांनी तो पायंडा आपल्याकडे बंद ठेवला. तथापि जेथे तो चालू आहे तेथे मागे राहण्याची परवानगी मागण्याची आज्ञा आहे. तिचे नाव 'लिंगर', म्हणजे रेंगाळणे. कार्यालयीन भाषेत बोलावयाचे तर, सुटीनंतरही खोली वापरण्याचा परवाना.

बैठकीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर नवशिका तिला अमर समजतो. मध्यस्थ राहतो सर्व्हरच्या स्मृतीत. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की बैठक गेली. खिडक्यांची मांडणी पूर्ववत करणारी साधने आहेत, पण चालू असलेले गणित ती परत आणू शकत नाहीत. महासंगणकांवर आणखी एक फसगत होते. अशा ठिकाणी आत शिरण्यासाठी बहुधा एकाहून अधिक दारयंत्रे असतात. काल ज्या दाराने आत येऊन बैठक मांडली, आज त्याच्याऐवजी शेजारच्या दाराने प्रवेश मिळाला, तर बैठक दिसत नाही व माणूस ती नाहीशी झाली असे समजून हळहळतो. ती असते, फक्त पलीकडच्या ओटीवर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक बसला. अशा यंत्रांवर मोठे गणित बैठकीत चालवावयाचेच नसते. ते रांगेत लावावयाचे असते, आणि रांगेचा कारभारी ते पाळी येईल तेव्हा चालवितो. त्याला टर्मिनलशी काही देणेघेणे नाही. बैठक तेथे तयारीपुरती व देखरेखीपुरती.

बारीक पण जाचक अशी एक अडचण किल्ल्यांची आहे. माणूस आपल्या घरच्या किल्लीचा पत्ता सर्व्हरला सांगून पुढच्या यंत्रावर जाऊ शकतो. पण हा पत्ता जोडणीगणिक बदलतो, आणि बैठकीत आधीपासून उघडलेल्या खिडक्या जुनाच पत्ता धरून बसतात. परत जोडून घेतल्यावर काल चालणारी आज्ञा आज 'परवानगी नाही' असे सांगते, आणि माणूस दोष शोधीत भलतीकडेच जातो. नवी खिडकी उघडून पाहिली तर ती बहुधा चालते, कारण टीमक्स नव्या खिडकीला नवा पत्ता देतो.

देवनागरीत काम करणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे आणि तिचे मूळही तारघरातच आहे. टेलिप्रिंटरच्या कागदावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा असे. पडद्यानेही तोच चौकटींचा तक्ता पत्करला, ऐंशी उभे स्तंभ व चोवीस आडव्या ओळी. इंग्रजी अक्षर एका चौकटीत एक बसते. 'क्षि' हे अक्षर मात्र यंत्राच्या दृष्टीने क, हलन्त, ष व ऱ्हस्व इकार अशा चार चिन्हांचे असते, आणि त्यांतला इकार उच्चारात शेवटी पण लेखनात सर्वांच्या आधी. याने किती चौकटी अडवाव्या? मध्यस्थ मनाशी एक हिशेब करतो, बाहेरचा पडदा दुसरा करतो. दोघांचे जुळले नाही की लुकलुकणारी खूण अक्षरापासून दूर सरकते, ओळीचे टोक पुसले जात नाही, आणि खोडलेले अक्षर भूतासारखे मागे राहते. मराठी नावांच्या फाइली ठेवणाऱ्यांना ही भुते परिचयाची आहेत. नव्या टर्मिनलांत सुधारणा होत आहेत, पण मध्यस्थ व पडदा हे दोघेही एकाच वेळी सुधारल्याशिवाय मेळ बसावयाचा नाही.

राहता राहिला विसरलेल्या बैठकींचा प्रश्न. सर्वाधिकार घेऊन एखादा प्रशासक बैठक मांडतो, काम आटोपतो, अलग होतो आणि पुढच्या कामाला लागतो. बैठक आत तशीच, सर्वाधिकारांसह उघडी असते. त्याच्या खात्यात जो कोणी शिरेल त्याला ती आयती मिळते. परवलीचा शब्द पुन्हा विचारला जात नाही. मध्यस्थ हा स्वतःही एक कार्यक्रमच आहे व त्यात दोष असू शकतात: २०२५ सालच्या मे महिन्यात सुसे या संस्थेच्या सुरक्षा-पथकाने स्क्रीनच्या ५.० आवृत्तीतील असा दोष प्रसिद्ध केला की, जेथे तिला विशेषाधिकारांनिशी बसविले होते तेथे साध्या वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळविता येत. म्हणून ज्या कार्यालयांत ही साधने वापरली जातात तेथे आठवड्यातून एकदा प्रत्येक सर्व्हरवरील बैठकींची यादी काढावी, प्रत्येकीपुढे मांडणाऱ्याचे नाव व हेतू लिहावा, आणि ज्या बैठकीवर कोणी हक्क सांगत नाही ती बंद करण्यापूर्वी तिच्यात एकदा डोकावून पाहावे. तिच्यात एखादे काम अजून चालू असण्याचा संभव असतो.